तिसरी तार

वेल्डिंगचा रॉड पुन्हा चिकटला.

मिस्तरिणीने मनगटाला हिसडा दिला, सुटला नाही. दुसऱ्या हिसड्याला सुटला तेव्हा टोकाचं कवच फुटून मातीत पडलं होतं. तिने तोंडावरची काच वर केली आणि ट्रॉलीच्या दांड्यावर वाकून पाहिलं. कोंबडीने चालता चालता घाण करावी तसे लोखंडाचे गोळे भेगेवर बसले होते. खाली भेग होती तशीच.

"झालं का?" ट्रॉलीच्या मालकाने विचारलं. त्याला सगळे घाईभाऊ म्हणत. समोर म्हटलं तरी त्याला राग येत नसे, कारण रागवायलाही त्याच्याकडे वेळ नसायचा.

"नाही झालं."

"बाई, डोक्यावर आभाळ बघा. माझं सगळं पीक कापून शेतात पडलंय. एक पाऊस पडला की ते भरून न्यायला ट्रॉली नको, होडी लागेल."

"असंच जोडून देऊ? उतारावर दांडा तुटला की ट्रॉली मागे नि तुम्ही पुढे."

मागे लोखंडी स्टुलावर मिस्तरी बसला होता. तो तिचा नवरा. वीस वर्षं त्याने वेल्डिंग केलं, त्यातली पंधरा काच न लावता, एक डोळा मिटून. आता दोन्ही डोळ्यांपुढे धुकं होतं. चार वर्षांपासून रॉड धरायचा होल्डर तिच्या हातात होता आणि तो स्टुलावर बसून आवाजावरून सांगायचा, रॉड जवळ घे, लांब धर, हात थरथरतोय. पूर्वी मिस्तरीची बायको म्हणून लोक तिला मिस्तरीण म्हणत. आता कामावरून म्हणत.

"करंट पोचत नाहीये," मिस्तरी म्हणाला. "आवाज मेलेला आहे. घरापासून इथवर तीस मीटर, आणि वायर करंगळीएवढी."

ते खरं होतं. त्यांची शेड गल्लीच्या आत होती आणि ट्रॉली गल्लीत शिरत नव्हती, म्हणून ती रस्त्याकडेला उभी होती. घरातल्या बोर्डापासून इथपर्यंत जुनी बारीक वायर ओढली होती. एवढ्या लांब येईपर्यंत विजेचा जीव जात होता. कापणीचा हंगाम सुरू झाला होता. रोज काहीतरी मोडून दारात येणार आणि ते गल्लीत शिरणार नाही, हे तिला दिसत होतं.

"जाड केबल आणते उद्या. स्वतः बघून आणते," ती म्हणाली.

"तू कशाला? आपला माणूस बसलाय ना दुकानात."

आपला माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर. चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तो कामाला होता. राहायचा दुकानामागच्या खोलीत आणि संध्याकाळी जेवायला मात्र भावाकडे. आल्यावर आधी पातेल्यावरचं झाकण उचलून आत नाक घालायचा, मग चपला काढायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो खांद्यावर भगव्या केबलचं वेटोळं घेऊन. एका टोकाला मोठा तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला तसंच दणकट सॉकेट. नवं रबर चकाकत होतं. त्याने ते वेटोळं ओट्यावर आपटलं.

"घ्या वहिनी. हेवी ड्युटी. तीन कोर, चार एमएम, तीस मीटर. प्लग मी स्वतः बसवलाय. मालकाला म्हटलं, घरचं काम आहे, खरेदीच्या भावात द्या."

मिस्तरीने हात पुढे करून केबल चाचपली. त्याचा चेहरा उजळला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "म्हटलं होतं ना?"

तिने वेटोळं उचललं. एका हाताने उचललं आणि ते आलं. तिच्या हाताला लोखंडाची, तांब्याची, रॉडच्या पुड्यांची वजनं पाठ होती. एवढी जाड केबल एवढ्या सहज उचलली जायला नको होती.

"हलकी वाटते, भाऊजी."

"नवीन टेक्निक असतं आता," दीर म्हणाला आणि हसला. "वहिनींना आता वजनकाटा पण म्हणायला हवं, दादा."

मिस्तरीही हसला. तिने आणखी काही विचारलं नाही. फुकट नसली तरी स्वस्त होती, घरपोच आली होती, आणि नवरा बऱ्याच दिवसांनी असा हसला होता. तिने ताट वाढलं. दिराने दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि ढेकर देऊन गेला.

सकाळी तिने केबल पूर्ण उलगडून गल्लीतून नेली. वेटोळ्यात ठेवली की तापते, हे मिस्तरीनेच तिला शिकवलं होतं. ट्रॉलीखाली चिखल होता. शेण आणि माती चिकटलेल्या दांड्यावर वेल्डिंग धरणार नाही म्हणून घाईभाऊने आदल्या दिवशीच तो बादल्या ओतून धुतला होता.

पहिले तीन रॉड छान जळले. तिने खपली ठोकून काढली तर खाली एकसारखी लहर उठलेली दिसली. घाईभाऊ म्हणाला, "वा!" मिस्तरी स्टुलावरून म्हणाला, "आवाज बघ कसा भरलेला आहे." चौथ्या रॉडला आवाज बसला. पाचवा चिकटला. हवेत एक वास आला, चप्पल चुलीत पडल्यासारखा. तिने हातमोजा काढून केबलला हात लावला. चांगलीच गरम होती, आणि एका जागी मऊ पडली होती.

"थांबवते मी. ही तापतेय."

"अगं, नवी आहे. पहिल्यांदा तापतेच," मिस्तरी उठत म्हणाला. "मशीन जवळ घेऊ. होल्डरची वायर ताणली गेलीय, म्हणून होतंय."

त्याला बसून सांगण्याचा कंटाळा आला होता. तो चाचपडत मशीनपाशी गेला. चपला स्टुलाखालीच राहिल्या. अनवाणी चिखलात उभा राहून त्याने मशीन मागच्या वायरला धरून ओढलं. ती वायर मशीनच्या पत्र्याच्या धारेत दबली. मग त्याने दुसरा हात मशीनच्या कड्यावर ठेवला.

स्फोट काही झाला नाही. त्याची मूठ कड्याभोवती आवळली, मान मागे गेली, आणि दातांवर दात घासल्याचा तेवढा आवाज तिला ऐकू आला. एक क्षण तिला वाटलं, तो जोर लावतोय.

"हात लावू नका त्यांना!" ती घाईभाऊवर ओरडली आणि कोरड्या जागी उडी मारून तिने भगवी केबल दोन्ही हातांनी धरून खेचली. मशीनचा प्लग केबलच्या सॉकेटमधून निसटला. मिस्तरी गोणी पडावी तसा चिखलात पडला.

तो शुद्धीवर होता. श्वास घेत होता. तळहाताची कातडी भाजून पांढरी पडली होती. विजार पुढून ओली झाली होती आणि ती चिखलाने झालेली नाही, हे तिघांनाही कळत होतं. घाईभाऊने नजर वळवली. मिस्तरीला दिसत नव्हतं, पण कळलं. तो उजवा हात हलवता येत नाही म्हणून डाव्या हाताने शर्ट खाली ओढू लागला.

"पडलं का बटण घरातलं?" त्याने विचारलं. जीभ जड झाली होती.

तिने घराकडे पाहिलं. ओट्यावरचा दिवा सकाळपासून तसाच जळत होता. बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारं बोर्डावरचं बटण पडलं नव्हतं.

घाईभाऊने ट्रॅक्टर काढला. डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, हात बांधला, आठ दिवस आराम सांगितला. "नशीब," ते म्हणाले. परत येताना, गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवून घाईभाऊने बराच वेळ घसा खाकरला.

"विचारू नये आत्ता, पण... ट्रॉलीचं कधी होईल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळीवर मिस्तरीला उचलतानाचा चिखल वाळला होता. त्यानेच दोन्ही हातांनी उचललं होतं, आणि आता हे विचारत होता. "उद्या," ती म्हणाली.

नवऱ्याला धुऊन, कपडे बदलून तिने निजवलं. मग पक्कड, पेचकस आणि ब्लेड घेऊन ओट्यावर बसली आणि दिराने बसवलेला प्लग उघडला.

दोन पिनांना वायरी होत्या. तिसरी, मोठी पिन, अर्थिंगची. तिच्या स्क्रूभोवती सुतळी गुंडाळली होती. व्यवस्थित, दोन वेढे देऊन, वर गाठ मारून, जागा भरलेली दिसावी म्हणून. तिने केबलचं रबर हातभर चिरलं. आत तीनऐवजी दोनच तारा, आणि गोलाई यावी म्हणून भरलेला सुतळीचा पुंजका. तारेवरून तिने ब्लेड फिरवलं. तांब्याचा रंग पावडरीसारखा निघाला आणि खाली पांढरं अॅल्युमिनियम दिसलं.

दबलेल्या वायरीतून मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तेव्हा तिला जमिनीत जायला वाट हवी होती. वाट असती तर घरातलं बटण त्याच क्षणी पडलं असतं. वाट नव्हती, म्हणून ती मिस्तरीच्या अंगातून गेली. तिसरी तार त्या क्षणी तिचा नवरा होता.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. मालकाने खोटी केबल विकली असेल, कंपनीने तशीच बनवली असेल. पण सुतळीला गाठ दिराने मारली होती. जेवायच्या आधी मारली होती, आणि त्याच बोटांनी जेवला होता. आणि हलकी वाटते, एवढंच म्हणून गप्प बसलेली ती होती.

"काय निघालं?" आतून मिस्तरीने विचारलं.

तिने सांगितलं.

"चुकून झालं असेल," तो म्हणाला.

"गाठ चुकून बसत नाही."

"त्याला मालकाने सांगितलं असेल. नोकर माणूस." मग हळूच, "बाहेर बोलू नकोस. आपलंच नाव जाईल."

दुपारी ती केबल खांद्यावर टाकून दुकानात गेली. काउंटरशी चार-पाच जण उभे होते. दीर शिडीवर चढून वरचे खोके काढत होता. तिला पाहिलं आणि तो खोक्यांवरचे आकडे फार लक्षपूर्वक वाचू लागला.

"बोला ताई," मालक म्हणाला. गल्ल्यावर बसलेला, पोटावर शर्टचं बटण ताणलेलं. "मिक्सरला पाहिजे की कूलरला?"

"वेल्डिंग मशीनला. केबल, तीन कोर, तीस मीटर."

"मिस्तरींना पाठवा ना. तुम्हाला काय समजणार त्यातलं."

"ते झोपलेत. तुमच्या केबलने झोपवलंय."

तिने भगवं वेटोळं काउंटरवर ठेवलं आणि उघडा प्लग त्यावर. सुतळी बाहेर लोंबत होती. लोकांनी माना पुढे काढल्या. मालकाने प्लगकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहून हसला.

"बदलून देऊ. त्यात काय. दे रे, ताईंना दुसरी दे."

दिराने खाली उतरून तसलंच एक भगवं वेटोळं पुढे केलं. तिने ते हातातही घेतलं नाही.

"वर ती काळी आहे ती काढा. रिळावरची."

"ती सहा एमएमची. तुम्हाला चार पुरे."

"जवळच्या कामाला चार पुरे. तीस मीटरला सहा लागते. काढा."

रीळ खाली घ्यायला दोघे लागले. तिने टोक मागितलं, बोटभर कापायला लावलं आणि तारांवर ब्लेड फिरवलं. लाल. आणखी खरवडलं. लालच. एक बारीक तार ओढून तिने शेजारच्या माणसाकडून काडेपेटी मागितली. काळ्या केबलची तार ज्योतीत लाल होऊन ताठ राहिली. भगव्याची तार मान टाकून वितळली. काडेपेटीवाला "आईशप्पथ" म्हणाला.

"वजन करा," ती म्हणाली.

"ताई, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"करा ना हो," काडेपेटीवाला म्हणाला. "आम्हालाही बघू द्या."

वीतभर तुकडे काट्यावर ठेवले. भगव्या बाजूचं पारडं वर गेलं ते खाली आलंच नाही. मग तिने तीस मीटर स्वतः दोन्ही हात पसरून, वावा घालून मोजले. दुकानाच्या टेपचा सुरुवातीचा हातभर तुकडाच तुटलेला आहे, हे तिने तिथेच दाखवलं. प्लग निवडला तो मोठ्या मशीनचा, जाड पितळी पिनांचा. दिराने बसवायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही लांब उभे राहा."

काउंटरवर बसूनच तिने तिन्ही तारा तिन्ही पिनांना आवळल्या. दुसऱ्या टोकाला सॉकेट लावलं. टेस्टरचा बझर एकेका पिनेवर धरला. पहिली वाजली. दुसरी वाजली. तिसरी वाजली तेव्हा तिने ती दोनदा वाजवून पाहिली. दीर तिच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता.

"वहिनी, घरातलं घरात ठेवायचं ना. आणि खरं सांगू? अर्थिंग कोण बघतं? अर्ध्या गावात तिसरी पिन शोभेलाच आहे."

तिने पेचकस खाली ठेवला. "दादा पडले तेव्हा त्यांचे कपडे ओले झाले होते. मी धुतले. ते तुम्हाला शोभेचे वाटतात का?"

तो सरळ उभा राहिला. लाल झाला नाही, काही नाही. केवळ इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून.

किंमत ऐकून तिने नोटा दोनदा मोजल्या आणि दिल्या. काळी केबल खांद्यावर टाकली तेव्हा एका बाजूला वाकायला झालं. त्या ओझ्याने तिला बरं वाटलं. निघताना वळून पाहिलं तर काडेपेटीवाला भगव्या वेटोळ्याचा भाव विचारत होता.

"तुम्ही पाहिलंत ना आत्ता?" ती म्हणाली.

"पाहिलं. पण मला दोनच दिवस पंप चालवायचाय," तो ओशाळून म्हणाला. "स्वस्तात देतोय तो."

तिने मशीनमधली दबलेली वायर बदलली, वीज उतरत नाही याची खात्री केली आणि काम सुरू केलं. काळी केबल गल्लीतून पसरली होती, थंड. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा भरलेला राहिला. मिस्तरी आतून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दांड्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसल्या. घाईभाऊने दांड्यावर उभं राहून तीन उड्या मारल्या, मान हलवली आणि निघून गेला. पाऊस अजून पडला नव्हता.

संध्याकाळी दीर आला. या खेपेला पातेल्याचं झाकण उचललं नाही. भावाच्या उशाशी बसला, त्याचा बांधलेला हात मांडीवर घेतला आणि रडला. खरंच रडला, नाकातून पाणी येईपर्यंत. "दादा, मालकाचं ऐकावं लागतं रे." मिस्तरीचेही डोळे भरले.

"वाढ गं त्याला," मिस्तरी म्हणाला. "उपाशी असेल."

तिने दोघांना ताटं वाढली. मिस्तरीला डाव्या हाताने घास घेता येईना, तो अर्धा सांडत होता. तेव्हा दिराने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, भावाच्या ताटातला घास कालवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. नखांच्या कडेला सुतळीचे तंतू अडकले होते. मिस्तरीने तोंड उघडलं. घास घेतला, चावला, गिळला आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.

तिला ते बघवेना. ती उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि येऊन दिरासमोर उभी राहिली.

"किती केल्यात अशा?"

"काय?"

"केबली. ज्यांच्या प्लगात सुतळी आहे त्या. कुणाकुणाला दिल्यात?"

तो घास हातात धरून भावाकडे पाहू लागला. मिस्तरी म्हणाला, "जेवताना कशाला?"

"जेवतानाच. नाव सांगितलं की पुढचा घास."

त्याने सांगितली. पिठाची गिरणी. सुतार. कपडे धुऊन इस्त्री करणारी, वळणावरची. गाड्या धुणारा. आणखी दोन आठवत नव्हती, ती ताट संपता संपता आठवली.

सकाळी ती त्याला घेऊन निघाली. तो दोन पावलं मागून चालत होता. गिरणीपाशी तो बाहेरच्या दगडावर बसून राहिला. तिने गिरणीवाल्याला बटण बंद करायला लावलं, प्लग उघडून दाखवला. "हे कुणी केलं?" गिरणीवाला म्हणाला. "माझ्या दिराने," ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना तिला आंबलेलं काहीतरी चाखल्यासारखं झालं. गिरणीवाल्याने तिच्याकडेच असं पाहिलं, जणू तिने केलं होतं.

सुताराकडे दीर दारापर्यंत आला. गाड्या धुणाऱ्याकडे आत आला. पाण्यात उभ्या त्या माणसाला तो स्वतःच म्हणाला, "बाहेर ये आधी, जीव जाईल." तिला वाटलं, बरं झालं, काहीतरी हललं याच्या आत.

इस्त्रीवालीच्या खोलीत वाफ भरली होती. फरशी ओली, बाई अनवाणी, भगवी केबल बादलीला वळसा घालून गेलेली. मिस्तरिणीने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. ती बोलायला तोंड उघडणार तोच दीर पुढे झाला.

"काकू, आम्ही तपासणी करतोय," तो म्हणाला. आवाज आता मोकळा झाला होता. "बाजारात खोटा माल आलाय. माझ्या सख्ख्या भावाला शॉक बसला. म्हटलं, आपली गिऱ्हाइकं आहेत, घरोघरी जाऊन सांगायला हवं. हा प्लग बघा, यात तिसरी वायरच नाही." आणि त्याने स्वतः मारलेली गाठ नखाने सोडवून तिला दाखवली. "उद्या दुकानात या. ओरिजिनल लावून देतो. तुम्हाला घरचा भाव."

इस्त्रीवालीने छातीवर हात ठेवला. तिने त्याला खुर्ची पुसून दिली, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहा ठेवला. "गुणाचा आहे गं दीर तुझा," ती मिस्तरिणीला म्हणाली. "नाहीतर कोण कुणासाठी एवढं करतं?"

"ही त्यानेच बनवलीय," मिस्तरीण म्हणाली.

बाईने दोघांकडे पाहिलं. मग कप दिराच्या हातात दिला. "असू दे. सांगायला तरी आला ना."

दीर फुंकर मारून चहा प्यायला लागला. दुसरा कप तिच्यापुढे आला. तिने तो घेतला नाही. ती ओल्या फरशीवर वाकली, भगव्या केबलचे पकडीने चार तुकडे केले, दंडावर गुंडाळले आणि रात्री वहीच्या कागदावर लिहून घेतलेलं पुढचं नाव बघत वाफेतून बाहेर पडली. आत तो काहीतरी सांगत होता आणि बाई हसत होती.